मागचा रोटर

इंजिन गरम पाहिजे, नेरेइदा म्हणते,
थंड असताना कुणीही ताठ उभं राहतं.
म्हणून एलिउत कालव्यापर्यंत दोन फेऱ्या मारून आलाय
आणि आता बॉनेट उघडं आहे,
वर निळी ताडपत्री,
वादळाने नेलेल्या पत्र्याच्या जागी
सहा वर्षं तीच.

पंपाचा फ्यूज काढला. कॉइलची वायर सोडवली.
बॅटरीला दुसरी बॅटरी जोडली,
नाहीतर स्टार्टर दमतो
आणि दोष नक्की कुणाचा ते कळत नाही.
खालचा प्लग ती फडक्यात धरून फिरवते,
शेवटचे आटे अगदी सावकाश.
टोक काळं. वास घेते.
काही बोलत नाही.

या इंजिनात वर-खाली काही नाही.
एक फुगीर त्रिकोण,
दोन दाण्यांच्या शेंगेसारखं, कमरेत जरा दबलेलं घर,
आणि तिन्ही टोकं भिंतीला घासत
आयुष्यभर गरगरणं.
टोकांवर पट्ट्या, नखाहून थोड्या जाड.
सगळा दम त्यांच्यात.

गेज लावला.
काटा शंभराला टेकून तिथेच थांबला.
एलिउत हसला.
"थांब," ती म्हणते,
"हा तिघांतल्या धडधाकट भावाचा आकडा,
आणि घराचं नाव त्याच्यावरच चालवतात."

मग नळीतली बारीक झडप काढून
दातांत धरते
(टेबलावर ठेवली की हरवते)
आणि मानेने खूण करते.
एलिउत पेडल तळाशी दाबून किल्ली फिरवतो,
दुसऱ्या हातात फोन, रेकॉर्डिंग चालू.

पुढचा रोटर:
फुस् फुस् फुस्, फुस् फुस् फुस्,
सारख्या पायऱ्या कुणी उतरतंय.

मागचा:
फुस् फुस्
फुस् फुस्
आणि तिसरा नाही असं नाही,
आहे,
पंगतीत उशिरा आलेला बसतो तसा
अंग चोरून.

तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात.
इथे तीन असले तरच काम,
बिघाड दोनावर येतो.

एलिउतने तो आवाज ओरलँडोला पाठवला,
ओबेदला, थोरल्या भावाला,
ज्याने नाताळात किल्ली हातावर ठेवली होती
आणि पैशांचं नाव काढू दिलं नव्हतं.
निळ्या खुणा उमटायच्या आतच फोन वाजला.

"मागचा ना?"

ताडपत्री थोडी फडफडली.

"सालिनासला, शेवटच्या रात्री," फोन म्हणाला,
"काटा लाल पट्ट्यात गेला होता. दिसत होता.
पाय काढला नाही मी.
सांगणार होतो."

नेरेइदाने झडप तोंडातून काढून पुसली,
मग पुन्हा पुसली.
दुसऱ्याच्या घरातलं कानावर पडतं तेव्हा
हातांना काहीतरी लागतं.

"किती?" एलिउतने विचारलं.
"खोलल्याशिवाय नाही सांगता येणार," ती म्हणाली.
"दोन वर्षं," फोन म्हणाला.

प्लग बसवला, फ्यूज बसवला.
किल्ली फिरवली. नुसतंच गुरगुरणं.
"गरम असताना आता नाही घेणार ते," नेरेइदा म्हणते.
"तासभर बस, कॉफी करते.
नाहीतर समोर उतार आहे."

एलिउतला बसायचं नाही.

एकसष्टाव्या वर्षी ती मागून खांदा लावते,
चपला खडीत सरकतात.
तो दार उघडं ठेवून बाहेरून ढकलतोय, एक हात स्टिअरिंगवर.
गटाराकाठी बेडूक सुरू झालेत,
को-की, को-की,
त्यांचं दोनातच भागतं.
गाडी हलते, मग जरा जास्त हलते,
तो उडी मारून आत बसतो, क्लच दाबतो,
आणि शेजारच्या सीटवर उताणा पडलेला फोन
ओरलँडोहून सांगत राहतो,
दुसऱ्या गिअरमध्ये सोड,
पहिल्या नको,
दुसऱ्या.