धुळाक्षरं

नॉटिंगहॅमची हंसांची जत्रा.
पाय डांबरात बुडवून, वाळूत थापून
दूरदूरच्या पाणथळ गावांतून चालवत आणलेले हंस,
आणि त्यांच्या कलकलाटाला लागून आमचा तंबू:
दोन पेन्सांत विद्वान डुक्कर.

नाव सॉलोमन. मालक एफ्राइम स्क्रॅग.
माझं काम भुसा चाळायचं,
त्यात पुठ्ठ्याची सव्वीस अक्षरं गोल मांडायचं,
खेळ संपला की त्यांवरची लाळ पुसायचं.
मी नऊ वर्षांची, ठार अक्षरशत्रू.

कुणी गृहस्थ आपलं नाव सांगे.
सॉलोमन रिंगणात फिरत राही
आणि नेमक्या अक्षरापाशी थांबे.
नाकाने कांदे सोलणाऱ्या बायकासुद्धा
पंखा मिटून पुढे झुकत.

गुपित एवढंच:
एफ्राइम नाक ओढायचा. हळूच. एकदा.
डुकराला अक्षर कळत नव्हतं, नाक कळायचं.

पण दिवसाला तेरा खेळ,
आणि मी काही आंधळी नव्हते.
गोल पोटाचं बी, तंगडी पुढे टाकलेलं आर,
हंस झोपले की भुशात बोटाने गिरवायचे.

तिसऱ्या दिवशी एफ्राइमला पडसं झालं.
सॉलोमन बिचारा दर सुरसुरीला थांबत
मेयरच्या बायकोचं नाव लावू लागला:
झेड, क्यू, परत झेड.
पहिला सलगम कनातीवर आदळला,
दुसरा एफ्राइमच्या कानशिलावर.

पडद्याआडून मी नाक ओढलं.
डुकराचे कान माझ्याकडे वळले.
डी. ओ. आर.
सी की के, इथे जीव टांगणीला लागला.
सी.
ए. एस.
डोरकस!
बाई खुर्चीवर उभी राहिली.

रात्री एफ्राइमने मला एक आख्खं उकडलेलं अंडं दिलं
आणि काही बोलला नाही.

सॉलोमनचं पुढे काय झालं ते विचारू नका.
हिवाळा वाईट होता.
मीही जेवले.

लग्नाच्या वहीत माझ्या नवऱ्याने फुली मारली,
मोजे विणणारा साधा माणूस.
पाद्रीबाबांनी मलाही फुलीचीच जागा दाखवली.
मी टाक हातात घेतला.
के. ई. झेड.
दर अक्षराआधी एकदा नाक ओढत.
पाद्रीबाबांनी हलकेच रुमाल पुढे केला.
मी तो घेतला.