आधी झीरो घ्यायचा

सकाळी पावणेसहा. राजारामपुरीच्या मागल्या अंगाला
टँकचं पाणी अजून कुणी मोडलेलं नाही.
कोपरापर्यंत हात बुडवतो,
बाटली पालथी आत नेतो, तिथंच उताणी करतो.
वरवरचं पाणी घ्यायचं नाही,
वर नुसत्या गुलमोहराच्या पाकळ्या
आणि कालच्या पोरांच्या डोक्याचं तेल.

तीनदा विसळायची. ज्या पाण्याची परीक्षा, त्याच पाण्यानं.
मग दहाच्या रेघेपर्यंत भरायची.
रेघ डोळ्यांच्या पातळीला यावी म्हणून गुडघे मोडायचे.
(माझे मोडतात, आवाज सुशांतला ऐकू जातो.)
मग बाहेरनं पुसायची, अगदी कोरडी.
काचेवर बोटाचा ठसा राहिला
तर मशीन तोही पाण्याच्याच खात्यावर मांडतं.

आधी झीरो.
म्हणजे गोळी टाकण्याआधी मशीनला सांगायचं,
हे पाणी असं आहे. आहे तसं धर,
इथनं पुढं मोज.

दस्तगीरमामा शिकलगारला झीरो लागत नव्हता.
तो चूळ भरायचा, कट्ट्याकडं थुंकायचा आणि म्हणायचा,
"अर्धी बादली."
बावीस वर्षं अर्धी बादली, पाऊण बादली, आज ऱ्हाऊ दे.
लोक नाक दाबून म्हणायचे, लई क्लोरिन मारलाय.
तो म्हणायचा, ह्यो वास औषधाचा न्हाई रं,
औषध आन् तुमचा घाम, दोघांच्या भांडणाचा हाय.
पुढं मशीन आलं, पिवळ्या स्पंजात निजलेलं.
मामानं ते एकदा हातात घेतलं,
वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि मला दिलं.

गोळीला बोट लावायचं नाही.
पाकिटातनं थेट बाटलीत, कांडीनं चुरायची, झाकण लावायचं.
पाणी गुलाबी होतं.
क्लोरिन जेवढा जास्त, तेवढं जास्त गुलाबी.
सुशांतला मी असंच शिकवलं होतं.
चुकलो.

त्या सोमवारी गोळी पडली, गुलाबी चमकून गेलं,
पापणी लवायच्या आत,
आणि पाणी पुन्हा पांढरं.
पडद्यावर ०.०३.
क्लोरिन संपलाय, म्हणाला सुशांत, आणि ड्रमाकडं वळला.
माझे डोळे चुरचुरत होते.
थांब, म्हटलं.

एक भाग टँकचं, नऊ भाग बॅटरीचं पाणी.
नवी गोळी.
रंग असा चढला की जास्वंद चुरल्यासारखा.
आकडा दीड. गुणिले दहा.
रात्री कमी पडू नये म्हणून पोरानं दोन बादल्या जास्त ओतल्या होत्या.
अति झालं की क्लोरिन रंगालाच खाऊन टाकतो,
आणि मशीन बिचारं म्हणतं, काही नाही.

बागल चौकातनं मामाला नेलं तेव्हा
मी खांदा दिला, माती दिली,
परत येताना चहासुद्धा घेतला.
त्याच्या धाकट्या भावानं माझ्याकडं पाहिलं होतं,
गोळी टाकून कोऱ्या राहिलेल्या बाटलीकडं पाहावं तसं.
त्याला काय सांगणार होतो.

सात वाजता फाटकाशी पोरं. खांद्यावर टॉवेल, परीक्षा संपलेल्या.
"मामा, उघडा की! पाणी तर काचंवानी दिसतंय!"
"म्हणूनच न्हाई उघडत."
रजिस्टरात एकच रकाना आहे, त्यात दीडशे कसं मांडू?
चुकलं, पंधरा. दीड गुणिले दहा पंधरा.
खाडाखोड करून लिहिलं, खाली सही केली,
टँक बंद.

सुशांत कट्ट्यावर मान घालून बसलेला.
त्याला बाटली दिली, म्हटलं, तीनदा विसळ.
पंप बंद करू का, त्यानं विचारलं.
चालू ठेव. आणि वरचं हिरवं कापड गुंडाळून घे,
दोन दिवस ऊन पडू दे पाण्यावर.
ऊन खातं क्लोरिन. सावकाश खातं,
पण खातं.