तोंड मागता

फर्मागुढीची चढण
सकाळी सहाला माझ्या गुडघ्यांना ओळखते.
पहिल्या वळणावर दम, दुसऱ्यावर घाम,
इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकापाशी
शरीर एकदम गप्प.
तहान असते. भूक म्हणाल तर नावालाही नाही,
तोंडात तांब्याच्या नाण्याची चव.
त्या दहा मिनिटांत कुणी पुरणपोळी पुढे केली असती
तर मी हात जोडून परत पाठवली असती.
खोटं वाटेल. मलाही वाटतं,
खाली उतरल्यावर.

कारण तिस्क जवळ येतो तसा
प्रियोळकरांच्या कढईचा वास रस्ता ओलांडून येतो.
पातळ भाजी, मिरची, आणि बन,
ते केळ्याचे, टम्म फुगलेले, आत एखादा जिऱ्याचा दाणा.
पोट अजून निजलेलंच,
पण पायरीवर काढलेल्या चपला
माझ्याच असतात.

मनगटावर लेकीनं, शर्वाणीनं दिलेलं घड्याळ.
दोनशे दहा जाळलेस, म्हणतं.
पहिला बन त्यातच गेला.
दुसरा मी बक्षीस म्हणून मागवतो.
बक्षीस कुणी कुणाला दिलं
हे तीन महिने वजनकाट्याला कळलेलं नाही.
काटा तिथंच,
शेजारच्या केंकऱ्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा,
हाक मारा, शेपूटसुद्धा हलवत नाही.

खरी भूक येते अकराच्या पुढं,
सावर्ड्याच्या बशीसारखी,
उशिरा, आणि खच्चून भरून.
मध्ये ताप आला, चार दिवस चाललो नाही.
पायांनी रजा घेतली,
तोंड कामावर हजर.

परवा माड पाडायला शाबलो गावडे आला.
बत्तीस माड.
पायांत दोरीचं कडं, कमरेला कोयता.
शेवटच्यावरून उतरला तेव्हा
छातीचा भाता चालू होता.
हिनं पेज वाढली, सुक्या सुंगटांची किसमूर.
त्यानं ताट हातानं हळूच सारलं.
"भूक ना, बाय. मागीर."
दोन लोटे पाणी प्याला.
मग खिशातून पुडी काढली,
म्हार्दोळच्या जत्रेतलं खाजें,
गूळ-आल्याचं कवच, वर तीळ,
आणि कडकन दाताखाली मोडलं.

मी म्हटलं, भूक ना म्हणालास.
"पोट मागना. तोंड मागता."
एवढंच.
जणू दोन वेगळी बिऱ्हाडं,
जिना तेवढा सामायिक.

मग एक मला दिलं.
मी न चढलेल्या बत्तीस माडांचं.
जिभेवर गूळ, आलं मागाहून,
पहिला तुकडा सणासारखा,
तिसरा नुसता तुकडा,
आणि तरी बोटं पुडीत,
काय शोधत होती, त्यांनाच ठाऊक.

तेवढ्यात मनगट थरथरलं.
पुडीपासून तोंडापर्यंत हात गेला, आला, गेला,
घड्याळानं ती पावलं धरली होती.
हिरव्या अक्षरांत: शाबास.

शाबलोनं वाकून पाहिलं.
"कितें म्हणटा तें?"
"आणखी चाल म्हणतंय,"
मी खोटं बोललो,
आणि पुडी जवळ ओढली.