उसना

रात्रीचे दोन. सभागृहात
दोन्ही बाकांवरून बोटं रोखलेली:
तुम्ही उधळलंत!
छे, तुम्हीच धनदांडग्यांचे कर माफ केलेत!
मध्ये, खालच्या टेबलाशी व्हर्डेल प्रुइट
शब्दन् शब्द टिपून घेते,
टाळ्या आणि हशा कंसात.

कर्जाचा आकडा आला की मात्र तिची बोटं अडतात.
शून्यं बारा, की तेरा?
बोलणाराही एकदा चुकला,
कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सरकार बंद पडून तीन आठवडे झाले.
तिचा पगार त्याच शून्यांत कुठेतरी अडकलाय,
आणि वॉशिंग्टनच्या मळक्या बर्फात
डाव्या बुटातून पाणी शिरतं.

सकाळी नातू दलिया ढवळत वजाबाकी करतो.
"दोनातून सात जात नाहीत ना, आजी,
म्हणून शेजारच्याकडून एक उसना घेतला."
"आणि परत कधी करणार?"
तो पेन्सिल चावत तिच्याकडे बघतो.
"परत? बाईंनी तसं नाही शिकवलं."

ओल्या मोज्यांतच ती बसून राहते.
टेबलावर बोटं हलतात,
तेही वाक्य टिपून घेतात,
कंसाशिवाय.