कपाळावरचं

सटवीनंतर कपाळं वाचायचं काम
सरकारने मला दिलंय,
तात्पुरतं, तीन महिन्यांचं,
वाळपईच्या आरोग्य केंद्रातून उचलून
दाबोळीच्या आगमन कक्षात, रात्रपाळीला.

सटवीला अंधार पुरतो.
मला पांढरं यंत्र लागतं,
चार बोटांवरून धरायचं, कळ दाबायची.
अठ्ठ्याण्णव. जा.
सत्त्याण्णव पॉइंट सहा. जा.

किती तऱ्हेची कपाळं,
टोपीचा वळ उमटलेली,
परतीच्या वाटेवरही घाम न सुकलेली,
आखातातल्या एसीत वीस वर्षं फिकी पडलेली.
एका म्हाताऱ्याने घाईने गंध पुसलं,
यंत्राला अडचण नको म्हणून.
असू दे हो काका, म्हटलं,
पण तोवर पुसून झालं होतं.

प्रत्येकाच्या हाती एक कार्ड देते.
कार्डावरचं मराठी माझंच.
साहेब म्हणाले होते, सोपं लिहा, बाई.
म्हणून लिहिलं :
परमुलखात साबणाने हात धुवा, वीस आकडे मोजेपर्यंत.
निघण्याआधी पंधरा दिवस लस टोचून घ्या.
पाणी भरपूर प्या, झोप मोडू नका.
आजाऱ्यापासून दोन हात लांब राहा.
अंगात ताप असेल तर प्रवास पुढे ढकला.
लिहून झाल्यावर वाटलं होतं,
एवढंच तर आहे.

कुवेतचं विमान पावणेचारला उतरलं.
रांगेत सतरावी की अठरावी,
एस्पेरांसा कुलासो, कुंकळ्ळी, वय त्रेपन्न.
एकशे एक पॉइंट चार.
मी बॅटरी बदलली.
एकशे एक पॉइंट चार.

"यंत्र बरोबर आहे गो बाय," ती म्हणाली,
"गोळी घेतली होती, समुद्रावर असतानाच उतरली."
मग न विचारताच सांगत सुटली.
हात धुतले, कातडं सोलवटेपर्यंत.
मास्क झोपेतसुद्धा.
विमानात घास घेतला नाही.
लससुद्धा टोचली, पैसे मॅडमने पगारातून कापले.
पण धाकटं पोर त्यांचं,
चार वर्षांचं,
नऊ रात्री तापलं.
त्याची आई दाराबाहेरून विचारायची, कसा आहे.
ते माझ्या काखेत तोंड खुपसून झोपायचं.
"दोन हात लांब कसं राहतात, तू सांग."

"बरा झाला?" मी विचारलं.
विचारायचं नसतं, तसा रकाना नाही.
"निघाले तेव्हा बिस्किट मागत होता."

काचेपलीकडे तिचा भाऊ,
बोटात किल्ली फिरवत.
घरी आई, ब्याण्णव वर्षांची, डोळ्यांनी अधू.
कपाळाला कपाळ टेकवून माणूस ओळखते म्हणे.
चार वर्षांनी मिळालेला एक महिना,
त्यातला एक आठवडा माझ्या सहीने गेला.

वॉर्ड चिखलीचा, खाट सहावी.
आजारी व्यक्तीशी संपर्क : होय.
आजारी व्यक्तीशी नातं :
इथे पेन थांबलं.
सहसा 'मालक-नोकर' लिहितात.
'इतर' असाही पर्याय आहे.
तिने वाकून पाहिलं,
काही सुचवलं नाही.

जाताना बॅग मात्र भावाला देऊ दिली नाही.
"वरून औषधाने पूस. मग त्याला सांग,
दोन दिवस अंगणात उन्हात ठेव म्हणावं.
आत आईचे मोजे आहेत."

मग शारजाचं उतरलं.
सत्त्याण्णव पॉइंट नऊ. जा.
अठ्ठ्याण्णव. जा.
कार्डं संपत आली तेव्हा बाहेर उजाडत होतं.
तो रकाना तसाच आहे, साहेब विचारतील.

पाळी संपल्यावर आरशासमोर
स्वतःच्या कपाळावर यंत्र धरलं.
अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.
नळ सोडला, साबण घेतला,
मोजायला लागले.
सतरा-अठराला चुकले.
पुन्हा एकपासून.