ओळख पटल्याचा रकाना

धुकं इतकं दाट, की फाटकावरचा आकडाही दिसेना.
मी गाडीचं दार दोनदा आपटलं, ते एका आपटण्यात लागत नाही,
आणि आतून सेराफिम ब्रूम ओरडला,
"मिमी, कुत्रं बांधलंय, ये."
नव्वदी उलटलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्याला गाईंपुरतं दिसतं: काळं आणि पांढरं.

टेबलावर मी नोंदवही उघडली,
शिक्का, शाईची चपटी डबी.
विक्रीखत त्यानं आधीच चष्म्याखाली दाबून ठेवलं होतं.
"तुमचं ओळखपत्र?"
तो हसला.
मी हसले नाही, ते त्याला ऐकू आलं.

बिस्किटांच्या डब्यातून लायसन्स निघालं.
फोटोतला माणूस अजून गाडी चालवत होता,
मुदत संपून नऊ वर्षं झाली होती.

आता हे कसं सांगायचं.
माझ्या बापानं याच गोठ्यात बावीस वर्षं धारा काढल्या.
सात वर्षांची मी कालव्यात पडले
तेव्हा वेणीला धरून ज्या हातानं मला वर ओढलं
तो हात माझ्यासमोर
सांडलेली साखर गोळा करत होता.
पण कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो,
नोटरीची स्वतःची ओळखदेख हा पुरावा नव्हे.
कागद दाखवा. नाहीतर अशी दोन माणसं आणा
ज्यांचा या जमिनीत वाटा नाही, लोभ नाही,
आणि जी शपथेवर सांगतील: हा तोच.

"म्हणजे तू मला ओळखतेस," सेराफिम म्हणाला,
"पण तुझा शिक्का ओळखत नाही."
"हो."
"चारशे गाई होत्या. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला.
बिल्ला सरकारसाठी. मी चालीवरून ओळखायचो,
अंधारात खोकल्यावरून."
मग जरा वेळानं, कान चाचपत,
"बोलावतो कुणाला तरी."

दुधाच्या टँकरवरचा ओरेन टॅकेट आला, टोपी हातात.
पलीकडच्या रानातला चू श्योंग आला, स्ट्रॉबेरीवाला,
जो गाडी चालवायला सेराफिमच्याच ट्रकवर शिकला
आणि त्यात एक खांब पाडला.
त्यांचे कार्ड मी दिव्याखाली धरले.
फोटो, चेहरा, पुन्हा फोटो.
उंची. मुदत. नखाला जाणवणारी उठावाची अक्षरं.
दोघांपैकी कुणालाच मी ओळखत नव्हते,
आणि कायद्याला ते चालत होतं.

हात वर करा.
"समोरच्या माणसाला तुम्ही सेराफिम ब्रूम म्हणून ओळखता?"
टॅकेट म्हणाला, हो.
श्योंगनं मात्र आधी त्याच्याकडे पाहिलं,
प्रश्न खरंच विचारलाय असं समजून,
बराच वेळ,
इतका की सेराफिमनं खुर्चीत पाठ ताठ केली,
कॉलरचं बटण लावलं.
"हो," श्योंग म्हणाला. "हा."

सही सावकाश झाली, एकेक अक्षर दावणीला बांधावं तशी.
मग अंगठा, उजवा, वहीतल्या चौकटीत.
उमटलाच नाही. म्हणजे डाग उमटला,
पण रेघा नाहीत: साठ वर्षांच्या धारांनी
धुऊन नेलेल्या.
पुन्हा दाबला. पुन्हा तेच,
गुळगुळीत काळा लंबगोल,
मोतीबिंदूचा डोळा उलटा केल्यासारखा.
शेजारी मी बारीक अक्षरात लिहिलं: ठसा अस्पष्ट.

ओळख कशी पटली, हा रकाना उरला.
दोन साक्षीदार, शपथेवर.
त्यात आणखी चार शब्दांना जागा होती.
मी पेनाला टोपण लावलं.

पंधरा डॉलर. मी नको म्हणाले.
त्यानं वीसची नोट पुढे सरकवली
आणि उरलेले पाच मोजून घेतले.

बाहेर धुकं तसंच. कुठेतरी टँकर सुरू झाला.
मी गाडीत बसले, दार ओढलं,
आणि आज ते कसं कोण जाणे
पहिल्याच झटक्यात लागलं.
आतून आवाज आला,
"कोण?"