थाप

बारा वर्षं मी पडले.
तक्रार म्हणून सांगत नाही.
कुणीतरी पडावंच लागतं,
तेव्हा कुठे दुसऱ्या कुणाचा डाव पक्का होतो.
कोपरीत, लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर,
खालून आहेराची नावं पुकारली जात असताना
यामिनी केणी मला कमरेवर घ्यायची
आणि छताचा पंखा
माझ्या पायांखालून निघून जायचा.

चौबळ सरांनी पहिला महिनाभर
फक्त पडणं शिकवलं.
हनुवटी छातीला. श्वास बाहेर.
आणि पाठ टेकता टेकता हाताची थाप,
सपाट, मोठ्याने,
जमिनीने जे द्यायचं ते हाताला द्यावं,
पाठीला नको.
थाप खोटी असली, म्हणायचे,
तर खांदा खरा निखळतो.

सत्तावन्न किलोत चार राष्ट्रीय सुवर्णं.
त्यांचं वजन मला माहीत आहे, पिशवी मी धरायचे.
तिच्या जॅकेटची कॉलर तीनदा मी शिवली,
दुहेरी दोऱ्याने,
कारण जग तिला तिथेच धरायचं
आणि तीही जगाला तिथेच.

मार्चमध्ये तिने रेल्वेची नोकरी सोडली.
रबाळ्याला, खोक्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यात
आता जाळीचा पिंजरा आहे, आठ कोनांचा.
पुठ्ठ्याचा वास अजून गेलेला नाही.
तिथे जॅकेट नाही.
पहिले दोन महिने तिचे हात
समोरच्या घामट गळ्याशी कॉलर शोधत राहिले,
वीज गेल्यावर भिंतीवर बटण चाचपावं तसे,
आणि तेवढ्यात ठोसा यायचा.

दिवागावात आई म्हणाली,
"यो कसला खेल गो, तोंडावर मारतान?"
चौबळ सर काहीच म्हणाले नाहीत.
तिच्या फोटोचा खिळा ढिला झाला होता,
तेवढा ठोकून घेतला.

काल तिचा फोन : ये, मला मार.
ठोसा आला की माझे डोळे मिटतात.
लॅन्सी कोच म्हणतो, जिची भीती वाटत नाही
तिच्या हातचा आधी खा.

मी पालिकेच्या शाळेत पीटी शिकवते.
आवाज चढवते, हात नाही.
ग्लव्हज उसने घेतले, आत कुणाचा तरी ओला घाम.
पहिला ठोसा मी विचारून मारला.
दुसरा न विचारता.
तिसऱ्याला तिचा ओठ फुटला,
आणि मला, खरं सांगते,
बरं वाटलं.

तिचे डोळे उघडे होते.
चौथ्याला ती आत शिरली,
कॉलरशिवाय, काखेखालून हात घालून,
आणि छपराचे पत्रे
माझ्या पायांखालून निघून गेले.

सवयीने मी थाप मारली.
अख्खी शेड वाजली.

पूर्वी इथेच सगळं संपायचं.
सर हात वर करायचे,
आम्ही पट्टे नीट करून एकमेकींना वाकायचो.
आता ती माझ्यावर बसलेली, मूठ वर,
आणि कोच बाहेरून ओरडला,
सोड, हरली ती!

मी म्हटलं, हरले नाही. पडले.
तो हसला. म्हणाला, इथे थापेचा एकच अर्थ.

यामिनीची मूठ वरच होती.
तिला दोन्ही अर्थ ठाऊक.
ओठाचं रक्त हनुवटीवरून
माझ्या टी-शर्टवर ठिबकलं.
"थाप मारू नकोस गं," ती हळूच म्हणाली,
"मी थांबते."

मग मी पडू कशी,
हे विचारायचं राहिलं.

परत येताना विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली
रिक्षा अडकली.
उजवा हात झणझणत होता,
ठोशाने की थापेने,
ते कळव्यापर्यंत ठरेना.